पडद्यावरचा बाण का भरकटतो?

जानेवारी २०२२ संपत आला होता. अमेरिकेतल्या सिॲटल परिसरात माझदा गाड्यांचे मालक एकापाठोपाठ एक सर्व्हिस सेंटर गाठू लागले. तक्रार सगळ्यांची एकच होती. ९४.९ मेगाहर्ट्झवरचे ‘केयूओडब्ल्यू’ हे सार्वजनिक रेडिओ केंद्र लागले की डॅशबोर्डवरचा पडदा काळा पडतो, आपोआप सुरू होतो आणि पुन्हा काळा पडतो. रेडिओ त्या केंद्रावरून हलायला तयार नाही. ब्लूटूथ गेले, नकाशा गेला, मागचा कॅमेराही गेला. बाधा झाली होती ती २०१४ ते २०१७ या वर्षांतल्या, जुने सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांना. पुढे कारण सापडले ते असे: रेडिओ केंद्र डिजिटल प्रक्षेपणासोबत छोटी चित्रे पाठवत होते आणि त्या फायलींच्या नावांना एक्स्टेन्शनच जोडलेले नव्हते. फाइल कोणत्या प्रकारची, हे न उमगल्याने गाडीतले सॉफ्टवेअर कोसळत होते. कित्येक गाड्यांचे मुख्य युनिट त्यात कायमचे निकामी झाले आणि नव्या युनिटची किंमत दीड हजार डॉलरच्या घरात होती.

या घटनेत उपग्रह आपले काम करत होते. अँटेना शाबूत होता. नकाशात काही खोट नव्हती. तरीही चालकाच्या दृष्टीने ‘नेव्हिगेशन बंद पडले’ होते.

गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेल्या नेव्हिगेशनची मुख्य अडचण इथे आहे. ते स्वतंत्र यंत्र नाही. उपग्रहांचे संदेश, छतावरचा अँटेना, त्याची केबल, चाकांजवळचे सेन्सर, गाडीचे अंतर्गत जाळे, साठवलेला नकाशा, सॉफ्टवेअर आणि वीजपुरवठा अशा अनेक कड्यांची साखळी पडद्यापाशी येऊन संपते. बिघाड कोणत्याही कडीत झाला तरी दिसतो पडद्यावरच. म्हणून बोट पडद्याकडे जाते आणि सर्वांत महाग भाग, म्हणजे हेड युनिट, बदलण्याची घाई होते. ही घाई टाळता येते. बाण चुकतो हे कळले की तो कसा चुकतो, कुठे चुकतो आणि केव्हापासून चुकतो, एवढे नीट पाहिले तरी दोषाची जागा बरीचशी उघडी पडते.

तीन जुन्या युक्त्या, एक नवा बाण

आजचा बाण तीन वेगवेगळ्या युक्त्यांवर उभा आहे आणि त्या तीन वेगवेगळ्या काळांत गाडीत आल्या. दोष शोधताना हा क्रम ध्यानात ठेवला तर फार सोपे जाते.

पहिली युक्ती उपग्रहांशिवायची. होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानमध्ये ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाचे उपकरण अकॉर्ड गाडीसाठी आणले. हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरो गाडी किती वळली ते सांगे आणि चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर निघे. छोट्या पडद्यावर पारदर्शक नकाशा सरकवायचा आणि प्रकाशाचा ठिपका त्यावर चालताना पाहायचा. सुरुवातीची जागा चालकाने स्वतः जुळवून द्यायची.

दुसरी युक्ती कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीच्या १९८५ मधल्या यंत्रात होती. नकाशे कॅसेटवर साठवलेले. चाकांचे सेन्सर आणि होकायंत्र यांच्याकडून येणारा अंदाज थोडाथोडा भरकटणारच, हे गृहीत धरून ते यंत्र गाडीचा मार्ग नकाशावरच्या रस्त्यांशी ताडून पाही. गाडी काटकोनात वळली आणि जवळच काटकोनातला चौक असला, तर गाडी त्या चौकातच आहे असे मानून ठिपका तिथे नेऊन बसवला जाई. गाडीचा अंदाज नकाशाशी जुळवण्याचे हे तंत्र आजही प्रत्येक नेव्हिगेशनमध्ये आहे.

तिसरी युक्ती उपग्रहांची. १९९० मध्ये जपानमध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो गाडीत जीपीएसवर चालणारे नेव्हिगेशन कारखान्यातूनच बसून आले. त्या वेळी अमेरिकेची उपग्रहमालिका पूर्णही झालेली नव्हती. ती पूर्ण क्षमतेने चालू झाल्याची घोषणा १९९५ मध्ये झाली.

आजची चांगली यंत्रणा या तिन्ही गोष्टी एकत्र करते. उपग्रह सांगतात गाडी कुठे आहे, चाके आणि जायरो सांगतात ती तिथून कशी हलली, नकाशा सांगतो ती कोणत्या रस्त्यावर असू शकते. तिघांपैकी एक खोटे बोलू लागला की बाणाची चूक विशिष्ट वळणाची होते. त्या वळणावरून खोटे बोलणारा ओळखायचा असतो.

आकाशाकडची कडी

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला संदेश गाडीच्या छतावर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती वॅटच्या अब्जाव्या भागाच्या सुमारे कोटीव्या भागाइतकी उरते. ही ताकद भोवतालच्या नैसर्गिक रेडिओ गोंगाटापेक्षाही कमी असते. संदेशाची रचना आधीच ठाऊक असल्यामुळेच गाडीतले ग्राहक यंत्र (रिसीव्हर) त्यातून अर्थ काढू शकते. इतक्या क्षीण संदेशाला अडवायला किंवा बुडवायला फार काही लागत नाही.

आकाशाकडचा दोष असेल तर बाण सहसा उड्या मारतो, मोकळ्या मैदानातही जागा सापडायला फार वेळ लावतो किंवा शेवटच्या ठाऊक जागेवर गोठून राहतो. अशा वेळी पहिली तपासणी फुकटची आहे. बहुतेक हेड युनिटमध्ये एक सर्व्हिस मेनू दडवलेला असतो. तो उघडला की किती उपग्रह दिसतात आणि प्रत्येकाचा संदेश किती स्वच्छ आहे हे आकड्यांत कळते. स्थान आणि वेळ ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. मोकळ्या आकाशाखाली डोक्यावरच्या उपग्रहांचा आकडा ४० ते ५० डेसिबल-हर्ट्झच्या दरम्यान असावा. सगळेच उपग्रह तिशीच्या आत असतील तर अँटेना, केबल किंवा एखादा अडथळा यांच्यावर संशय घ्यावा. एकही उपग्रह दिसत नसेल तर केबल तुटलेली किंवा निसटलेली असण्याची शक्यता मोठी.

अँटेना म्हणजे साधी तार नव्हे. छतावरच्या, शार्कच्या पंखासारख्या टोपीखाली किंवा डॅशबोर्डच्या आत सिरॅमिकची एक चौकोनी चकती असते आणि तिला चिकटून छोटा ॲम्प्लिफायर असतो. त्याला लागणारी वीज हेड युनिटच पाठवते आणि तीही त्याच केबलमधून, साधारण ३ ते ५ व्होल्ट. म्हणून केबल हेड युनिटकडून काढून युनिटच्या मधल्या पिनवर मल्टिमीटर लावला की अर्धे उत्तर मिळते. व्होल्टेज येत नसेल तर दोष युनिटकडे. येत असेल तर पुढचा शोध केबल आणि अँटेनाकडे. बऱ्याच गाड्यांत या जोडणीचा प्लास्टिक कनेक्टर निळ्या रंगाचा असतो. फाक्रा या जर्मन मानकाप्रमाणे निळा रंग जीपीएससाठी राखलेला आहे, त्यामुळे वायरींच्या गर्दीतही तो ओळखता येतो.

पावसाळ्यानंतर सुरू झालेला दोष असेल तर टोपीखालचे रबरी सील पाहावे. पाणी आत झिरपले की कनेक्टरवर हिरवट गंज चढतो आणि संदेश हळूहळू क्षीण होत जातो. कोकणाच्या खाऱ्या दमट हवेत ही तपासणी आधी करावी. छताचे डेंटिंग-पेंटिंग, आतले अस्तर काढून केलेली दुरुस्ती किंवा नवी काच बसवणे, यांपैकी काही नुकतेच झाले आहे का, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. उष्णता रोखण्यासाठी धातूचा अतिपातळ थर दिलेल्या काचेतून उपग्रहांचे संदेश नीट जात नाहीत. अँटेना डॅशबोर्डखाली असलेल्या गाडीला अशी काच बसली, तर नेव्हिगेशन त्याच दिवसापासून आंधळे होते.

आणखी एक संशयित चालकाने स्वतःच आणलेला असतो. स्वस्त डॅशकॅम आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधले चार्जर पुष्कळ रेडिओ गोंगाट करतात. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि त्या आसपास थोडा गोंगाट झाला तरी क्षीण संदेश बुडतो. सर्व्हिस मेनूतले आकडे पाहत एकेक उपकरण बंद करत जावे. डॅशकॅम काढताच आकडे चढले, तर दोष सापडला.

हा गोंगाट कुठवर पोहोचू शकतो याचे उदाहरण न्यू जर्सीत घडले. नेवार्क विमानतळावर विमाने उतरवण्यासाठी बसवलेल्या उपग्रहाधारित यंत्रणेत मधूनच व्यत्यय येई. शोध घेता घेता तो शेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्या वाहनांतल्या जॅमरपर्यंत पोहोचला. मालकाला गाडीचा ठावठिकाणा कळू नये म्हणून एक चालक लायटरमध्ये लावायचा छोटा जॅमर वापरत होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये त्याच्यावर सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. एखाद्या गाडीचे नेव्हिगेशन ठरावीक रस्त्यावरच, ठरावीक ट्रकच्या शेजारीच बिघडत असेल, तर गाडीत दोष शोधण्यात अर्थ नाही.

बॅटरी बदलल्यानंतर नेव्हिगेशन ‘मेले’ अशी तक्रार वरचेवर येते आणि ती पुष्कळदा दोषाची नसतेच. वीज तुटली की ग्राहक यंत्राची स्मृती जाते. कोणता उपग्रह कुठे आहे याचे ढोबळ वेळापत्रक उपग्रहच प्रसारित करतात, पण ते संपूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. मधेच इमारतींच्या आड गेले की खंड पडतो. अशी गाडी मोकळ्या जागी, इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटे उभी करावी आणि मगच निदानाला हात घालावा.

बोगद्यातली परीक्षा

उपग्रह दिसेनासे झाले की चाके आणि जायरो यांचा कस लागतो. या कडीची तपासणी करायला बोगद्यासारखी जागा नाही आणि महाराष्ट्रात आता बोगद्यांची वाण राहिलेली नाही. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरचा भातण बोगदा सुमारे एक किलोमीटरचा आहे, मुंबईच्या किनारी रस्त्यावरचे जुळे बोगदे सुमारे दोन किलोमीटरचे आणि समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा.

बाण बोगद्याच्या तोंडाशीच थांबला आणि बाहेर आल्यावर उडी मारून पुढे गेला, तर चाकांच्या फेऱ्यांची माहिती नेव्हिगेशनपर्यंत पोहोचत नाही. बाण चालत राहिला पण रस्ता वळला तरी सरळच गेला, तर जायरो गप्प आहे. बाण वळला खरा, पण बाहेर आल्यावर बराच मागे किंवा पुढे निघाला, तर अंतराचे माप बिघडले आहे. या तपासणीआधी गाडीच्या माहितीपुस्तकात एक गोष्ट पाहून घ्यावी. काही साध्या यंत्रणांमध्ये चाकांची जोडणी मुळातच दिलेली नसते. त्यांचा बाण बोगद्यात थांबणे हा दोष नसून मर्यादा आहे.

अंतराचे माप बिघडण्याचे नेहमीचे कारण टायर. चाकाच्या एका फेरीत गाडी किती पुढे जाते याचा आकडा यंत्रणेत साठवलेला असतो. मालकाने दिसायला भारदस्त म्हणून घेराने पाच टक्के मोठे टायर बसवले, तर प्रत्येक फेरीत गाडी यंत्रणेच्या समजुतीपेक्षा जास्त अंतर कापते. आठ किलोमीटरच्या बोगद्यात बाण जवळपास ३८० मीटर मागे राहील. चांगली यंत्रणा मोकळ्या रस्त्यावर उपग्रहांशी ताडून हा आकडा हळूहळू सुधारते, म्हणून टायर बदलल्यावर काही दिवस वाट पाहणे योग्य. नंतरही चूक तेवढीच राहिली तर सर्व्हिस मेनूतून किंवा स्कॅनरने कॅलिब्रेशन करून घ्यावे.

रिव्हर्सची एक खास खूण आहे. पार्किंगमधून गाडी मागे घेताना पडद्यावरचा बाण पुढे सरकत असेल, तर रिव्हर्स गिअर पडल्याची सूचना नेव्हिगेशनला मिळत नाही. बाहेरून बसवलेल्या युनिटमध्ये ही एक वायर जोडायची राहून गेलेली आढळते. काम दहा मिनिटांचे असते, पण त्या दोषामुळे बहुमजली पार्किंगमधून बाहेर पडलेली गाडी पहिल्या काही चौकांत भलत्याच दिशेला तोंड करून उभी दिसते.

नकाशाचा दोष वेगळा

नकाशा जुना असेल तर दुरुस्तीचे कोणतेही हत्यार कामाचे नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याआधीचा नकाशा असलेली गाडी सेतूवरून निघाली की पडद्यावर ती समुद्रात दिसते. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडत जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. जुन्या नकाशात त्यावरची गाडी शेतांतून धावते आणि दर पाच मिनिटांनी ‘शक्य तिथे वळा’ ही सूचना येत राहते. ‘छत्रपती संभाजीनगर’ किंवा ‘धाराशिव’ टाकूनही शहर सापडत नसेल, तर नामांतराच्या आधीचा नकाशा गाडीत आहे एवढाच त्याचा अर्थ.

जीपीएस चुकते आहे की नकाशा, हे ठरवणारी कसोटी पाच मिनिटांत होते. मोकळ्या मैदानात गाडी उभी करावी. सर्व्हिस मेनूतले अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत आणि हातातल्या फोनवरचे आकडे त्यांच्याशी ताडावेत. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या स्थानी एकाचा फरक म्हणजे जेमतेम एक मीटर आणि तिसऱ्या स्थानी शंभर मीटरच्या वर. दोन्ही आकडे चौथ्या स्थानापर्यंत जुळत असतील आणि तरीही बाण भलत्या जागी असेल, तर अँटेना, केबल, ग्राहक यंत्र या सगळ्यांची निर्दोष सुटका झाली. उरतो नकाशा, किंवा गाडीला नकाशावरच्या रस्त्याशी जुळवणारे सॉफ्टवेअर.

या सॉफ्टवेअरची चूक ओळखायला सोपी आहे. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता, महामार्ग आणि त्याला लागून असलेला सर्व्हिस रोड, अशा ठिकाणी दोन रस्त्यांत काही मीटरांचेच अंतर असते आणि उंचीचा अंदाज तर जीपीएसला त्याहून कच्चा येतो. मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलावर असलेली गाडी खालच्या मोहम्मद अली रोडवर दिसली आणि पूल संपताच बाण जागेवर आला, तर यंत्रणा ठीक आहे.

बाण नेहमी एकाच दिशेला, ठरावीक अंतराने सरकलेला दिसत असेल तर कारण आणखी निराळे असते. चीनमध्ये नकाशांसाठी सरकारने ठरवून दिलेली ‘जीसीजे-०२’ ही निर्देशांक पद्धत वापरावी लागते आणि ती जगभरच्या पद्धतीपासून मुद्दाम शेकडो मीटर सरकवलेली आहे. तिथे एका पद्धतीचा नकाशा आणि दुसऱ्या पद्धतीचे स्थान एकत्र आले की गाडी कायम शेजारच्या गल्लीत दिसते. बिघडलेला अँटेना असा शिस्तीत चुकत नाही.

नकाशातल्या चुकीची जिवावर बेतणारी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोतूळजवळ फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने रात्री निघालेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे स्थानिकांना ठाऊक होते, नकाशाला नव्हते. अशा वेळी यंत्राची कुठलीही तपासणी ‘सर्व ठीक’ असेच सांगेल. म्हणून नकाशा अद्ययावत ठेवणे, आणि अनोळखी घाटात किंवा नदीकाठी रात्री रस्त्यावरच्या फलकाला पडद्यापेक्षा जास्त मान देणे, हे दोन्ही चालकाच्या सुरक्षिततेचे भाग आहेत.

एकाच दिवशी सगळ्यांची गाडी

काही दोष गाडीत नसून तारखेत असतात. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा क्रमांक लिहायला दहाच बिटची जागा ठेवली होती. त्यामुळे १०२४ आठवड्यांनी, म्हणजे साधारण १९.६ वर्षांनी, हा क्रमांक पुन्हा शून्यावर येतो. मोजणी ६ जानेवारी १९८० पासूनची. पहिले शून्य ऑगस्ट १९९९ मध्ये आले आणि जपानमध्ये जुन्या कार नेव्हिगेशन यंत्रांनी माना टाकल्या. दुसरे एप्रिल २०१९ मध्ये येऊन गेले; तिसरे नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल.

जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि ॲक्युरा गाड्यांच्या अनेक जुन्या मॉडेलांत नेव्हिगेशनशी जोडलेल्या घड्याळातले वर्ष एकाएकी २००२ झाले आणि वेळ हाताने बदलता येईना. ऑगस्टमध्ये घड्याळ आपोआप ताळ्यावर येईल, असे कंपनीने सांगितले. घाईघाईने हेड युनिट बदलणाऱ्याचे पैसे अशा वेळी वाया जातात. स्थानाबरोबर तारीखही चुकली असेल आणि त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांनाही त्याच दिवसापासून तोच त्रास असेल, तर उपाय सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये शोधायचा.

लेक्सस गाड्यांचा अनुभवही याच जातीचा. जून २०१६ मध्ये वाहतूक आणि हवामानाची माहिती पुरवणाऱ्या सेवेतून सदोष डेटा प्रसारित झाला आणि अमेरिकेतल्या कित्येक लेक्सस गाड्यांचे पडदे सतत बंद-चालू होऊ लागले. एकही भाग बदलावा लागला नाही. यंत्रणा सक्तीने रीसेट करून तो डेटा पुसला की गाडी पूर्ववत झाली.

वेळेऐवजी जागाही सामाईक असू शकते. २०१६ मध्ये मॉस्कोत क्रेमलिनच्या आसपास फिरणाऱ्या चालकांना आपली गाडी तीसेक किलोमीटर दूरच्या व्नुकोवो विमानतळावर दिसू लागली. तिथे उपग्रहांचे खोटे संदेश सोडले जात होते. त्या भागातून बाहेर पडताच नेव्हिगेशन सुधारत होते.

पडद्यामागच्या वायरी

पडदाच सुरू होत नसेल, मधेच बंद पडत असेल किंवा ‘नेव्हिगेशन उपलब्ध नाही’ असे लिहून येत असेल, तर शोध गाडीच्या आत वळतो. क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा: फ्यूज, बॅटरी, अर्थिंग, जोडण्या, अंतर्गत जाळे, साठवण आणि सर्वांत शेवटी युनिट.

निरोगी, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचे व्होल्टेज उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असते. स्टार्टर मारताना ते खाली जाते. म्हाताऱ्या बॅटरीत ते इतके घसरते की हेड युनिट दचकून पुन्हा सुरू होते. सकाळी पहिल्या स्टार्टला पडदा बंद होतो आणि दिवसभर ठीक चालतो, अशी तक्रार असेल तर आधी बॅटरी तपासावी.

जर्मन आणि स्वीडिश महागड्या गाड्यांत २००१ नंतर आवाज, फोन आणि नेव्हिगेशन यांची युनिटे ‘मोस्ट’ नावाच्या प्रकाशतंतूच्या कड्यात ओवली जाऊ लागली. बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजपासून ही पद्धत रुळली. कड्यातले एक युनिट मेले की गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे सगळेच अंधारते. ॲम्प्लिफायरमध्ये पाणी शिरते आणि नकाशा जातो. म्हणून अनुभवी इलेक्ट्रिशियन एक छोटा वळसा-कनेक्टर जवळ ठेवतो. एकेक युनिट कड्यातून बाजूला काढून तो कनेक्टर तिथे लावत जायचे. ज्याला काढल्यावर बाकीचे जागे होतात, ते युनिट दोषी.

बहुतेक गाड्यांत मात्र बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेले ‘कॅन’ जाळे असते. दोन पिळलेल्या तारा आणि त्यांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा संपर्क तुटला आहे. शून्याजवळ दिसले तर तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. बोगद्यात बाण थांबतो आणि त्याच वेळी एबीएसचा दिवाही लागतो, अशी जोडगोळी आढळली तर चाकाच्या सेन्सरकडे किंवा या जाळ्याकडेच जावे.

स्कॅनर लावल्यावर ‘यू०१६३’ हा कोड आला तर त्याचा अर्थ ‘नेव्हिगेशन युनिटशी संपर्क तुटला’ एवढाच. ते युनिट जळाले आहे, त्याचा फ्यूज गेला आहे की त्याची तार उंदराने कुरतडली आहे, हे कोड सांगत नाही. तो शोधाची दिशा दाखवतो. कोड वाचून थेट सुट्या भागाची मागणी नोंदवणे हे निदान नव्हे.

साठवणही झिजते. टेस्लाच्या २०१२ ते २०१८ मधल्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ मधल्या मॉडेल एक्स गाड्यांच्या मुख्य पडद्यामागे आठ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. सतत लिहिले-पुसले जाऊन ती काही वर्षांत संपे आणि पडदा जाई. त्याबरोबर मागच्या कॅमेऱ्याचे चित्रही जाई. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. पडदा दर महिन्याला थोडा अधिक मंद होत गेला, नकाशा उघडायला वेळ लागू लागला आणि मग रीस्टार्टचे सत्र सुरू झाले, तर साठवण संपत आल्याचा संशय घ्यावा.

उष्णता हाही वेगळा तपासायचा घटक आहे. अमेरिकेच्या ॲरिझोनात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसपर्यंत तापलेला आढळला. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तिथल्या गाड्या याहून सुखात नसतात. दुपारी बिघडून रात्री सुधारणारे युनिट वर्कशॉपच्या सावलीत तपासले तर निर्दोषच ठरते. ते गरम असतानाच तपासायला हवे.

वर्कशॉपमध्ये काय सांगावे

‘नकाशा चालत नाही’ या वाक्यातून मेकॅनिकला काहीच हाती लागत नाही. मालकाने आधी काही गोष्टी टिपून ठेवल्या तर निदानाचे काम निम्मे होते. दोष नेहमी येतो की अधूनमधून, थंड गाडीत की तापलेल्या. त्या दिवसाच्या आसपास बॅटरी, काच, टायर, डॅशकॅम किंवा सॉफ्टवेअर यांपैकी काय बदलले. बाण गोठतो, उडतो, सरकलेला राहतो की उलटा चालतो. घड्याळ आणि तारीख बरोबर आहेत का. बोगद्यात काय होते. फोनचे आणि गाडीचे अक्षांश-रेखांश किती जुळतात. चूक होत असताना पडद्याचे फोनवर केलेले चित्रीकरण तर फारच उपयोगी, कारण अधूनमधून येणारा दोष वर्कशॉपमध्ये हमखास दडी मारतो.

यातल्या निम्म्या तपासण्या सर्व्हिस मेनूवर अवलंबून आहेत आणि तिथेच सामान्य मालक अडतो. उपग्रहांची संख्या, संदेशाची ताकद, अँटेनाची जोडणी, चाकांची मोजणी, रिव्हर्सची सूचना ही सगळी माहिती अनेक गाड्यांमध्ये तयार असते. पण ती उघडायची कशी, हे मालकाच्या पुस्तिकेत क्वचितच छापलेले असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचे क्षेत्रही घेतले. उत्पादनाची देखभाल आणि दुरुस्ती यांची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचावी, हा त्यामागचा हेतू आहे. नेव्हिगेशन आता महागड्या गाड्यांपुरते राहिलेले नाही, त्यामुळे या पोर्टलवर पहिल्यांदा यावी अशी माहिती म्हणजे प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मेनूकडे जाणारी वाट, त्यातल्या आकड्यांच्या योग्य मर्यादा आणि अँटेना ते हेड युनिटपर्यंतचा वायरिंगचा आराखडा. एवढी पाने मराठीत आणि इतर भारतीय भाषांत उपलब्ध झाली, तर तालुक्याच्या गावातला ऑटो इलेक्ट्रिशियनही एका मल्टिमीटरच्या जोरावर सांगू शकेल की दोष काही रुपयांच्या फ्यूजमध्ये आहे, गंजलेल्या कनेक्टरमध्ये आहे की खरोखरच युनिटमध्ये.